बर्फावर बंद पडलेली गाडी

आमची हिल्या मावशी बेटावर एकटी राहायची. त्या मार्चमध्ये ती पडली. गुडघा असा सुजला की पाऊल टाकता येईना. बोटी सुरू व्हायला अवकाश होता, आणि हवा अचानक उबदार झाली होती, बर्फ फार दिवस टिकला नसता. म्हणून माझा थोरला भाऊ रेइनो आणि मी आमची एकोणपन्नास सालची डेट्रॉइटची गाडी घेऊन सुपीरियर सरोवराच्या बर्फावरून तिला आणायला गेलो.

परतताना मावशी मागच्या सीटवर आडवी होती. दारं उघडी बांधून ठेवलेली. बर्फ फुटला तर उडी मारता यावी म्हणून बर्फावर कुणी दार लावून गाडी चालवत नाही. वाटेच्या खुणेला रोवलेली नाताळची जुनी झाडं बघत आम्ही निघालो, आणि मध्येच इंजिन दोनदा आचके देऊन बंद पडलं.

मग बर्फाचा आवाज ऐकू आला. खोलवर कुणी कण्हावं तसा. टायरांभोवती पाणी साचायला लागलं.

"पेट्रोल येतंय," बॉनेट उघडून रेइनो म्हणाला. "करंट नाही."

मी कॉइलची तार इंजिनाजवळ धरली. "सेल्फ मार, दादा." निळी ठिणगी उडाली. म्हणजे कॉइल ठीक. करंट पुढे, प्लगला वाटला जातो तिथेच अडत होता. मी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. आतल्या रोटरला तडा गेला होता, तड्यात केसासारखी काळी रेघ.

डिकीतल्या डब्यात भंगारातल्या गाड्यांचे तीन रोटर होते. दिसायला सारखेच.

"कुठलाही लाव गं!" रेइनो ओरडला.

"कुठलाही बसत नाही."

पहिल्याची खाच दांड्यात बसेना. दुसरा ढिला, बोटानं गरगर फिरला. तिसरा घट्ट बसला, पण बुटका होता. त्याची पितळी पट्टी झाकणातल्या, करंट देणाऱ्या कोळशाच्या गुंडीपर्यंत पोचेना. एवढ्यात बंदूक उडावी तसा कडाड आवाज झाला आणि गाडीपासून झाडांपर्यंत बर्फात पांढरी भेग धावत गेली.

"पोरांनो, मला सोडा आणि चालायला लागा," मावशी म्हणाली. तिचा आवाज शांत होता, पण पुढच्या सीटची कड तिनं सोडली नव्हती.

"गप पड गं, मावशे," रेइनो म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

ती पट्टी वाकवून उंच करायची होती. जास्त वाकली तर तुटणार. माझी बोटं बधिर झाली होती. खिशातल्या चाकूचं टोक मी पट्टीखाली घातलं. मी श्वास रोखून पट्टी जराशी उचलली, अजून जराशी. झाकण बसवलं.

"मार."

सेल्फ नुसताच गुरगुरत राहिला. मग इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं, आणि चालू झालं. मी दारातच लोंबकळले. पाणी उडवत गाडी निघाली. मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही.

काठाशी बर्फ सुटला होता. पुढची चाकं वाळूत चढली, मागची पाण्यात गेली. मावशीला आम्ही दोघांनी उचलून वर नेलं. शेजाऱ्यानं ट्रॅक्टर आणला तोवर सीटांपर्यंत पाणी आलं होतं.

घरी वहिनीनं कॉफी ओतली. रेइनोनं कप उचलला, पण निम्मी कॉफी बशीत सांडली, तेव्हा त्यानं तो खाली ठेवला. मावशीनं हात पुढे करून त्याचं मनगट धरलं, आणि कॉफी गार होईपर्यंत तसंच धरून ठेवलं.