कुमारकाकांचा बँड

पैज लागली ती देवदत्तच्या ड्राइव्हवेत, ग्रिलवर कणसं भाजताना. समोरच्या रस्त्यावरून सात-आठ स्कूटरी फटफटत गेल्या. एकेकीच्या पुढे आरसेच आरसे, रुखवतात मांडल्यासारखे. चालवणारे सगळे पन्नाशीच्या पुढचे, आणि टेक्ससमधल्या प्लेनोच्या जूनच्या उन्हात अंगात गुडघ्यापर्यंत लांब हिरवे कोट.

"ही कोणाची वरात?" अवधूतने विचारलं.

"मॉड लोक, यार," देवदत्त म्हणाला. शेजारी देवदत्त म्हणजे चालताबोलता गूगल. "साठच्या दशकात लंडनमध्ये पोरं टाइट सूट शिवून, असल्या इटालियन स्कूटरी घेऊन, ठरावीक गाणी ऐकत हिंडायची. ह्यांनी ते इथे परत चालू केलंय. क्लब आहे. दर रविवारी त्या कॉफीवाल्याच्या पार्किंग लॉटमध्ये जमतात."

"म्हणजे हे लंडनचे?"

"छे! सगळे इथलेच, टेक्ससचे. एक वेकोचा, एक लबकचा."

अवधूत इतका हसला की कणीस तोंडातून सुटलं. "जिथे कधी गेलो नाही तिथलं, जन्मलो नव्हतो तेव्हाचं, आठवून गळे काढायचे!"

"तू गणपतीत ढोल बडवतोस ना? पुण्यात कधी हात लावला होतास ढोलाला? प्लेनोत आल्यावर शिकलास. तेही यूट्यूबवर."

हे जरा वर्मी लागलं. आणि अवधूतला काही वर्मी लागलं की तो हमखास काहीतरी उद्योग काढतो. पुण्यात कॉलेजात असताना त्याने एका प्राध्यापकांना त्यांच्याच निरोप समारंभाचं आमंत्रण नेऊन दिलं होतं. प्राध्यापक रिटायर होणार नव्हते. आता बावन्न वर्षांचा झाला, पोट सुटलं, खोड सुटली नाही.

"ह्या अस्सलवाल्यांना मी गंडवून दाखवतो," तो म्हणाला.

"पाच मिनिटांत पकडतील. स्क्रूसुद्धा ओळखतात ते. दर उन्हाळ्यात सगळ्यात अस्सल स्कूटरला मेडल देतात. नुसती स्कूटर जुनी असून चालत नाही, तिची गोष्टही खरी लागते."

"ते मेडल मी घेऊन येतो. लागली पैज?"

"हरलास तर?"

"हरेल त्याने साडी नेसायची, आणि त्या सगळ्या कोटवाल्यांसमोर, स्कूटरच्या मागच्या सीटवर दोन्ही पाय एका बाजूला सोडून, पूर्ण चक्कर मारायची."

देवदत्तने कणसाला लिंबू चोळत चोळत विचार केला. "नऊवारी की सहावारी?"

"सहावारी. कॉलनीत लहान मुलं आहेत."

स्कूटर कुठली, ते अवधूतच्या डोक्यात आधीच होतं. दोन घरं सोडून शैलजाकाकू राहतात. रिटायर्ड ॲनेस्थेटिस्ट, म्हणजे भूल देणाऱ्या डॉक्टर, सत्तरच्या दशकात नागपूरहून आल्या, तेव्हापासून टेक्ससमध्येच. त्यांचे कुमारकाका चार वर्षांपूर्वी गेले. काकूंच्या गॅरेजात, ख्रिसमसच्या दिव्यांच्या खोक्यांमागे, भारतातून आणलेली एक जुनी लँब्रेटा चादरीखाली उभी होती. काकांची आठवण म्हणून काकूंनी ठेवलीय, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. स्कूटर म्हटल्यावर ती काकांचीच असणार, ह्यात सांगायचं काय?

"काकू, स्कूटर नेऊ का? मंडळाच्या प्रोग्रॅमला शोभेला ठेवतो."

"ने बाबा," काकू म्हणाल्या. "पण घासू नकोस हं फार."

अवधूतने घासली. एका मोटरसायकलवाल्या मेकॅनिककडून इंजिन चालू करून घेतलं, पुढे बारा आरसे लावले. पुढच्या पत्र्यावर एक पुसट लाल प्लस होता, आपल्याकडे डॉक्टरांच्या गाडीवर असतो तसा. काका तर इंजिनियर. कोण्या दवाखान्याकडून सेकंडहँड घेतली असेल, असं म्हणून त्याने तो ब्लेडने खरवडला आणि तिथे मॉड लोकांची खूण असलेलं निळं-पांढरं-लाल गोल स्टिकर चिकटवलं.

बायको, लतिका, गॅरेजच्या दारात उभी राहून बघत होती. "काकूंना सांगितलंस खरं काय ते?"

"काकूंनीच किल्ली दिली."

"किल्ली दिली. नवऱ्याचं नाव वापरायला दिलं का?"

कारण गोष्ट तयार होती. अंकल कुमार, बॉम्बे, एकोणीसशे सहासष्ट. दिवसा इंजिनियरिंग, संध्याकाळी चर्चगेटच्या एका हॉटेलात बँड. अंकल ऑर्गन वाजवायचे. लंडनहून आलेल्या खलाशांकडून रेकॉर्डी मिळवायचे. अरुंद पँट शिवून घेतली म्हणून वडिलांनी घराबाहेर काढलं, तेव्हा ह्याच लँब्रेटावर बसून निघाले.

रविवारी देवदत्तला घेऊन अवधूत त्या पार्किंग लॉटमध्ये गेला. क्लबने गोष्ट गिळली, मिटक्या मारत गिळली. क्लबचा मुख्य ग्लेन, हायस्कूलमधून रिटायर झालेला इतिहासाचा मास्तर, लांबलचक हाडापेराचा माणूस. त्याने स्कूटरभोवती तीन फेऱ्या मारल्या, गुडघ्यावर बसून खालून पाहिलं, मुंबईच्या कारखान्याची पाटी बोटाने पुसली आणि उठला तेव्हा डोळ्यांत पाणी.

अवधूतने देवदत्तला डोळा मारला.

इथेच थांबलं असतं तर निभावलं असतं. पण ग्लेनने त्याला बाजूला नेलं, कॉफी पाजली आणि म्हणाला, "तुला एक सांगू? माझा मुलगा मला हसतो. म्हणतो, डॅड, तुम्ही टेक्ससचे, लंडनचा फॅन्सी ड्रेस घालून फिरता. मलाही रात्री कधी कधी वाटतं, की खरंच आपण खोटे आहोत. पण तुझे काका बघ. बॉम्बेत बसून, समुद्रापलीकडून, त्यांना हे वेड लागलं. मग मीही अगदीच खोटा नाही ना?"

 खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. अवधूतने तोंडही उघडलं. आणि त्या तोंडातून आलं काय? "काकांचा एक ठिपक्यांचा टाय होता. मरेपर्यंत जपला."

अशी ती जीभ. वर्षानुवर्षांची सवय; मालकाला न विचारता चालते.

त्यानंतरचा आठवडा वाईट गेला. ऑफिसच्या मीटिंगमध्ये त्याने एकही पाचकळ विनोद केला नाही, तर मॅनेजरने विचारलं, बरा आहेस ना? ग्लेनचे मेसेज येत होते: काकांचा फोटो मिळेल का, बँडचं नाव काय होतं. अवधूतने नाव ठोकून दिलं. मग फोन उलटा ठेवला.

मेडलच्या रविवारी पार्किंग लॉट भरला होता. चाळीसएक स्कूटरी, कॉफीचा दरवळ, एका टोकाला चार म्हाताऱ्यांचा बँड. ऑर्गनवाला घामाने निथळत होता, पण टाय सैल करत नव्हता. तेवढ्यात देवदत्तची गाडी आली आणि मागच्या दारातून कडक इस्त्रीच्या कॉटनच्या साडीत शैलजाकाकू उतरल्या.

"ह्यांना कशाला आणलंस?" अवधूत दातांतल्या दातांत म्हणाला.

"अरे, काकांच्या स्कूटरला बक्षीस मिळणार! काकूंना नको दाखवायला?" देवदत्तचा चेहरा इतका निष्पाप होता की त्याला बदडताही येईना.

ग्लेन माइकवर गेला. चर्चगेट, ऑर्गन, खलाशी, अरुंद पँट, घर सोडणं, टाय. सगळं त्याने मास्तरासारखा जीव ओतून सांगितलं. दोन बायका रडल्या. काकू पर्स छातीशी धरून शांतपणे ऐकत होत्या.

"कुमार ऑर्गन वाजवायचा?" त्या हळूच म्हणाल्या. "त्याला आरतीला टाळ्यासुद्धा तालात वाजवता यायच्या नाहीत रे."

"काकू, मी नंतर..."

"आणि मागे बसायचा तो. भाजीची पिशवी घेऊन. चालवायला घाबरायचा."

अवधूतला काही कळेना. "मागे? मग पुढे कोण?"

काकूंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. पेशंट किती गुंगीत आहे ते तपासत असावं, तसं.

तेवढ्यात ग्लेनने मेडल अवधूतच्या गळ्यात घातलं आणि आरोळी दिली, की आजच्या राइडमध्ये अंकल कुमारची स्कूटर सगळ्यांच्या पुढे राहील. अवधूतने किक मारली. फुस्स. पुन्हा मारली. फुस्स. दहा-बारा किका झाल्या, पोट हललं, मेडल हनुवटीवर आपटलं, इंजिन ढिम्म.

"सरक," काकू म्हणाल्या.

त्यांनी पदर खोचला. स्कूटर दोन्ही हातांनी धरून आपल्या अंगावर आडवी कलंडवली, पार, पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत चढेल इतकी. मनाशी काहीतरी मोजलं, सरळ केली आणि चपलेच्या टाचेने एकच किक दिली. स्कूटर फट्कन चालू. निळा धूर सगळ्या हिरव्या कोटांवरून गेला. आपल्याकडे हे घराघरात चालायचं. टेक्ससने पहिल्यांदा पाहिलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

पण काकूंची नजर पुढच्या पत्र्यावर गेली होती. गोल स्टिकरवर त्यांनी अंगठा फिरवला. "इथे प्लस होता."

"हो."

"एमबीबीएस झाले त्या दिवशी मी रंगवला होता. नेलपेंटने. वसतिगृहाच्या पोर्चमध्ये." आवाज चढला नाही, काही नाही. "अख्ख्या नागपुरात स्कूटर चालवणारी पोरगी म्हणून लोक वळून बघायचे. एकाने दगड मारलेला. तुला गोष्ट हवी होती, तर मला विचारायचं ना रे. मी सांगितलं असतं."

आजवर अवधूतला लोकांनी शिव्या दिल्या होत्या, एकदा कानफटातही बसली होती. तो सगळ्यावर हसला होता. आता त्याच्याने काकूंकडे बघवेना. ह्या बाईच्या घरी तो दर दिवाळीला चिवडा खाऊन आला होता. एकदाही विचारलं नव्हतं.

ग्लेन धावत आला. "मॅडम, तुम्ही अंकल कुमारना ओळखत होतात?"

"संसार केला त्यांच्याबरोबर. थोडंफार ओळखत होते," काकू म्हणाल्या. "बाकीचं अवधूत सांगेल."

आणि त्या बाजूला झाल्या. त्यांनी एका वाक्यात त्याला उघडा पाडला असता, पाडला नाही. तेच जास्त जड गेलं.

अवधूतने मेडल काढून माइकपाशी नेलं. "बँड नव्हता," तो म्हणाला. "टाय नव्हता. खलाशी नव्हते. शेजाऱ्याशी पैज लावून मी हे सगळं रचलं. स्कूटर ह्या शैलजाकाकूंची आहे. चालवायच्याही ह्याच. काका मागे बसायचे."

कोणीतरी हसलं, विनोद वाटला असावा. ग्लेनचा चेहरा मात्र हळूहळू रिकामा झाला.

"म्हणजे बॉम्बेत कोणीच नव्हतं?"

"कोणीच नव्हतं. ग्लेन, आय ॲम..."

ग्लेनने मेडल घेतलं, कोटाच्या खिशात टाकलं आणि खिशाचं बटण लावलं. 

देवदत्त अस्वस्थ झाला. नियमाचा माणूस. "पण टेक्निकली तू जिंकलास. मेडल मिळालं होतं. कोणी पकडलं नाही."

"मी पकडलं. साडी काढ."

देवदत्तच्या गाडीच्या ट्रंकमध्ये साडी होतीच. जिंकायची खात्री असल्यामुळे त्याने ती पहिल्याच दिवशी आणून ठेवली होती. जांभळी, जरीची. जीन्सवरूनच काकूंनी ती नेसवली. अवधूतच्या निऱ्या पोटावर टिकेनात, तेव्हा त्याच्याच बेल्टमध्ये खोचल्या.

"काकू, चालवणार कोण?"

"कोण म्हणजे?" काकूंनी हँडल धरलं होतं.

तो मागे बसला, दोन्ही पाय एका बाजूला सोडून, एका हाताने स्टेपनी धरून, दुसऱ्याने पदर. काकूंनी डाव्या मुठीने गिअर टाकला आणि लँब्रेटा निघाली. पार्किंग लॉटमध्ये एकच हशा उसळला. लोक टाळ्या पिटत होते, फोन वर करत होते, म्हाताऱ्यांच्या बँडने तर तालच धरला. एवढी दाद अवधूतला आयुष्यात कुठल्याच खोडीला मिळाली नव्हती.

कॉफीच्या दुकानाच्या कठड्यापाशी ग्लेन उभा होता. हात खिशात. त्याच्यासमोरून जाताना अवधूतने मान खाली घातली नाही, बघायचंच ठरवलं. सगळे हसत होते. ग्लेन हसत नव्हता.

चक्कर पुरी झाली. काकूंनी वेग कमी केला. "झाली बाबा तुझी पैज. उतरतोस?"

"नाही," अवधूत म्हणाला. "अजून एक मारा. ग्लेनच्या समोरून. हळू."