नुसत्या तारेचा आकडा

आमचे हे गुरुवारपासून विमानाच्या तारेच्या टोकाला आहेत. तेव्हा तार दोनशे फुटांची होती, आज सकाळी ती दोन हजारांची झाली. मी शेपटीत ताणकाट्यासमोर बसते. वारा तारेला किती किलोंनी मागे ओढतो ते वहीत लिहायचं, एवढंच माझं काम.

आमची रीत अशी, की आधी नुसती तार उडवून तिचा आकडा घ्यायचा. मग टोकाला वस्तू बांधायची, पुन्हा मोजायचं आणि पहिला आकडा वजा करायचा. उरेल तो वस्तूचा. गुरुवारी हे म्हणाले, "अगं यमू, आधी नुसती तार मोज." त्याच सकाळी पोह्यांत मीठ नाही म्हणून टोमणा मारला होता यांनी. मी फणकारले, "मला शिकवू नका!" हे डबा घेऊन मुकाट्याने टोकाला जाऊन बसले. चूक माझीच मेलीची.

आता काटा ब्याण्णववर आहे आणि त्यात हे किती, कुणालाच ठाऊक नाही. वहीत आकडा नसलेली वस्तू आमचं तार गुंडाळायचं चाक आत ओढत नाही.

"वहिनी, इंधन दहा मिनिटांचं उरलंय," वैमानिक फणसळकर हळूच म्हणाले. "मग तार कापावी लागेल."

मी तारेला कान लावला. यांचा आवाज सुईत ओवता येईल इतका बारीक झाला होता.

"जेवलात का?"

"पोहे पुरवून खातोय. मीठ बरोबर होतं गं."

मला रडूच फुटलं.

"मी क्षणभर हात सोडतो," हे म्हणाले. "तेवढ्यात नुसत्या तारेचा आकडा घे."

"काहीतरीच काय! परत धरता नाही आलं तर?"

"तू मोज. तुझा आकडा कधी चुकत नाही."

यांनी हात सोडला. काटा खाली यायला हवा होता. तो वर गेला. एकशे एक.

मी दोनदा वजाबाकी केली. वजा नऊ. म्हणजे गुरुवारपासून हे लटकले नव्हतेच. वेडे, तार माझ्याकडे ढकलत होते.

"धरलंत का हो?"

तार गप्प.

मी वहीत वजा नऊ लिहिलं. चाक फिरू लागलं, पण उलटं. तार जागची हलली नाही. माझी खुर्ची, वही आणि काटा तिच्यावरून शेपटीच्या दाराबाहेर सरकू लागले.

"वहिनी, कुठे निघालात?"

"यांना आणायला," मी म्हटलं आणि पदर खोचला.