बिनआवाजाचं कार्ड

दुकानदाराने ग्राफिक्स कार्ड टेबलावरच्या उघड्या कॉम्प्युटरमध्ये बसवलं, बटण दाबलं, आणि मी वाकून त्याला कान लावला.

"ताई, लोक याचा वेग विचारतात," तो म्हणाला. "कान लावणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा बघतोय."

"आवाज करत नाही ना?"

"तुम्हीच ऐका की. काम नसलं की याचे पंखे फिरतच नाहीत. भारी काम दिलंत तरच फिरतील."

तरी खात्री म्हणून मी मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप सुरू केलं. हे ॲप मी बाळंतपणानंतर घेतलं. वरच्या मजल्यावरची सरकणारी खुर्ची, कचऱ्याची गाडी, कुकरची शिट्टी आणि नवऱ्याचं घोरणं, सगळ्यांची मोजणी झालेली आहे. नवरा कचऱ्याच्या गाडीच्या जरासाच खाली आहे.

तो शेजारी उभा राहून भलत्याच कार्डाकडे बघत होता. त्या कार्डाला तीन पंखे होते आणि कडेने रंगीत दिवे.

"अगं, तेवढ्याच पैशात हे येतंय. दोन्ही सेकंडहँडच. पण ताकद बघ, जवळजवळ दुप्पट!"

"आणि आवाज?"

"ताकद म्हटली की आवाज आलाच. आपल्या घरातलंच उदाहरण घे."

दुकानदाराने एकदम खोकायला सुरुवात केली. मी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने छताकडे बघितलं.

अंथरूण पाहून पाय पसरायचे असतात, आणि आमचं अंथरूण मुळातच रुमालाएवढं. वॉशिंग मशीनसाठी साठवलेले पैसे त्यात गेले, जुनं कार्ड बदल्यात गेलं, तेव्हा कुठे एक कार्ड येत होतं. एकच. म्हणून मी बिनआवाजाचं घेतलं. चित्र तयार व्हायला थोडा जास्त वेळ लागला तरी चालेल, पण सरकारची झोप मोडता कामा नये.

सरकार म्हणजे आमची लेक. हे नाव नवऱ्याने ठेवलं. ती स्वतः काही करत नाही, दिवसभर खाते, आणि तिच्या एका ओरडण्यावर सगळं घर धावतं, म्हणून.

माझं काम म्हणजे अजून न झालेल्या स्वयंपाकघरांची चित्रं काढणं. ओटा, कपाटं, ड्रॉवर कॉम्प्युटरवर आखायचे, उजेड कुठून येतो ते ठरवायचं, मग बटण दाबून वाट बघायची. कॉम्प्युटर हळूहळू खऱ्या फोटोसारखं चित्र तयार करतो. सासूबाई याला "शिजायला ठेवणं" म्हणतात. जुन्या कार्डावर एक स्वयंपाकघर शिजायला आख्खी दुपार लागायची, आणि तेवढा वेळ पंखा असा घरघरायचा, की टेबलाखाली कुणीतरी चक्की टाकली आहे असं वाटावं. काम नसतानाही तो घरघरायचाच. पाळणा त्याच खोलीत. मी एक डोळा पडद्यावर आणि एक पाळण्यावर ठेवून काम करायचे आणि मनात म्हणायचे, या कार्डापायी पोरीचे कान जाणार.

आता फर्निचरच्या दुकानाच्या मालकीणबाईंना त्यांच्या नव्या कॅटलॉगसाठी वर्षभर चित्रं हवी होती. दोघांकडे त्यांनी नमुना मागितला होता: मी, आणि दुसरा एक कुणी, ज्याचं म्हणे स्वतःचं ऑफिस आहे. लाकडी कपाटांचं एक स्वयंपाकघर, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत. ज्याचा नमुना आवडेल त्याला काम. मला मिळालं तर घरी बसून कमाई. नाही मिळालं तर मी पुन्हा ऑफिसात आणि सरकार पाळणाघरात. ते पाळणाघर मी बघून आले होते. बाई चांगल्या होत्या, फरशी स्वच्छ होती, पण खिडकीची एक कडी ढिली होती. त्या कडीनंतर मला नीट झोप लागलेली नाही.

कार्ड बसवायचा समारंभ घरी झाला. नवऱ्याने कॉम्प्युटरचं बाजूचं झाकण उघडलं, तशी आतून धुळीची एक गादीच बाहेर आली.

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या, "यात एक बाळ निवांत झोपलं असतं."

"आई, मागे व्हा, ती धूळ तिच्या नाकात जाईल."

"ती स्वयंपाकघरात आहे, माझ्या कडेवरून आत्ताच उतरलीये."

"उतरलीये म्हणजे? जमिनीवर? तिथे कोण आहे?"

मी धावले. सरकार एका डब्याचं झाकण चाटत बसलं होतं. मी परत येईपर्यंत कार्ड बसलं होतं आणि एक स्क्रू हरवला होता. पुढचा अर्धा तास घरात दुसरं काही झालं नाही. लहान मूल असलेल्या घरात हरवलेला स्क्रू ही काय चीज आहे, ते ज्यांना मूल आहे त्यांनाच कळेल. मी तिचं तोंड तपासलं, मुठी तपासल्या, लंगोट तपासला. अखेर तो नवऱ्याच्या मोज्यात सापडला.

मग बटण दाबलं. पडदा उजळला. आणि आवाज? शून्य. फ्रिजची धुसफूस पहिल्यांदाच ऐकू आली. घड्याळ टिकटिकतं, हेही कळलं.

"बघ," मी म्हणाले. "याला म्हणतात खरेदी."

नवऱ्याने मान्य केलं. दिव्यांबद्दल तो पुन्हा बोलला नाही, एवढ्यावरून त्याला किती वाईट वाटलं होतं ते मला कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरकारला पाळण्यात ठेवलं आणि कामाला बसले. सरकार माझ्याकडे बघत राहिलं. मी कपाट आखलं. सरकारने भोकाड पसरलं.

मी पहिला आरोप दातांवर केला. मग पोटावर, मग उकाड्यावर, मग पांघरुणाच्या शिवणीवर. ताप बघितला, नव्हता. पुन्हा बघितला, थर्मामीटरवर विश्वास नव्हता म्हणून. सासूबाईंनी खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घातल्या की सरकारचे डोळे मिटायचे, पाळण्यात ठेवलं की टक्क उघडे. तो दिवस गेला. पुढचा दिवसही तसाच. कपाटांना अजून दारं नव्हती आणि बुधवार उजाडला होता.

बुधवारी दुपारी नवरा सुट्टी काढून घरी होता. सासूबाईंनी वैतागून चटणीसाठी मिक्सर लावला. घर्रर्र. माझ्या खांद्यावर रडून लाल झालेल्या सरकारची मान हळूच कलली. डोळे जड झाले. मिक्सर थांबला. डोळे उघडले.

"आई," मी म्हणाले, "पुन्हा लावा."

"वाटून झालंय."

"रिकामा लावा!"

घर्रर्र. डोळे मिटले. थांबला. उघडले.

आम्ही तिघांनी एकाच वेळी टेबलाखालच्या त्या मुक्या, चकचकीत कॉम्प्युटरकडे बघितलं.

"म्हणजे एवढे महिने," नवरा हळू आवाजात म्हणाला, "अंगाई तो गात होता?"

पोरीवर चोवीस तास नजर ठेवणारी मी. ती कोणत्या कुशीवर झोपते, झोपेत किती वेळा ओठ हलवते, सगळं मला पाठ. आणि ती कशावर झोपते हे माहीत नाही. वर पैसे मोजून मी तिची अंगाई बंद करून आणली होती.

मिक्सरमधून जळका वास यायला लागला, तेव्हा तो उपाय संपला. मोबाइलवर पंख्याचा आवाज लावला. सरकारला तो पटायला लागला होता, तेवढ्यात मध्येच जाहिरात आली आणि एक बाई किंचाळून गाद्या विकायला लागली. टेबलफॅन लावला, तर सरकार त्याच्याकडे बघून हात हलवत बसलं. नवऱ्याने पाळण्याशेजारी बसून तोंडाने घरघर केली. सरकार खदाखदा हसलं. नवऱ्याला उचकी लागली तेव्हा तर टाळ्याही वाजवल्या.

"घोरून बघ की," मी म्हणाले. "ते येतं ना तुला."

"झोपेशिवाय घोरणं येत नसतं. ती कला आहे."

शेवटी मी त्याला जुनं कार्ड परत आणायला दुकानात पिटाळलं. मिनतवारी कर, भाड्याने माग, पण घेऊनच ये. थोड्या वेळाने त्याचा फोन आला.

"कार्ड आहे," तो म्हणाला. आवाज पडलेला होता.

"मग?"

"तू त्यांच्याशीच बोल."

दुकानदार आनंदात होता. "ताई, तुमच्या कार्डात काही दोष नव्हता हो! पंख्यात लांब केसांचा गुंता होता, वर धुळीची गोधडी. काढलं, तेलाचा एक थेंब सोडला. आता ऐका." त्याने फोन कार्डाजवळ नेला असावा. मला काहीच ऐकू आलं नाही. "ऐकलंत? आवाजच नाही!"

"केस पुन्हा घालता येतील का?" मी विचारलं.

पलीकडे बराच वेळ शांतता होती. तीही अगदी स्वच्छ.

बाळंतपणानंतर माझे केस ओंजळीने गळत होते. ते कुठे जातात याची मला फार काळजी होती. तेवढा एक प्रश्न सुटला.

शुक्रवार आला. सासूबाईंनी सरकारला घेऊन सकाळभर गच्चीवर फेऱ्या मारल्या, तेवढ्यात मी कपाटांना दारं लावली, ओटा बसवला, खिडकीतून ऊन सोडलं. दुपार झाली. सासूबाईंचे गुडघे संपले. सरकार पाळण्यात आलं आणि सूर लावला. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, जे झालंय ते शिजवून तर बघू, आणि बटण दाबलं.

आधी काहीच नाही. मग टेबलाखाली काहीतरी जागं झालं. हुंऽऽ असा एक जाड, घुमणारा सूर. सरकार रडता रडता थबकलं. एक भुवई वर गेली. नवा गवई आहे, बघू तरी, असा भाव. मग अंगठा तोंडात गेला, आणि डोळे मिटले.

भारी काम दिलंत तरच फिरतील. दुकानदार सांगत होता आणि मी कान लावून बसले होते, तेही रिकाम्या कार्डाला!

माझा आनंद चहा गाळेपर्यंत टिकला. लाकडी कपाटं ती काय, नव्या कार्डाने ती चुटकीसरशी शिजवली. पंखे थांबले. सरकार उठलं.

"त्याला आणखी काम दे ना," सासूबाई पाळणा हलवत म्हणाल्या.

"काय देऊ? स्वयंपाकघर एवढंच आहे."

"मग जड काहीतरी घाल. कशाने दमतं ते?"

प्रश्न चोख होता. काच! काचेतून उजेड कसा जाईल, कुठे वळेल, मागच्या वस्तूवर कसा पडेल, हे सगळं कार्डाला एकेका किरणाने काढावं लागतं. काचेने भलीभली कार्डं घामाघूम होतात. मी फळीवर एक काचेची बरणी ठेवली आणि काम करता करताच पडद्यावर खरं चित्र दिसत राहतं, ती सोय सुरू केली. जुन्या कार्डाला ती झेपतच नव्हती. हुंऽऽ. सरकार झोपलं. मी ड्रॉवरच्या मुठी बसवायला घेतल्या. सूर जरा उतरला, पाळण्यात चुळबुळ झाली. आणखी एक बरणी. त्यात पाणी. सूर चढला.

मग ती दुपार अशीच गेली. पाळणा हलला की बरणी. खोकला आला की दोन बरण्या. सासूबाई पाळण्याशी पहारा देत खुणा करायच्या: एक बोट म्हणजे पेला, दोन बोटं म्हणजे बरणी, आणि एकदा तर त्यांनी दोन्ही हात पसरले, तेव्हा मी घाबरून माशांचा हंडा ठेवला. मासे ठेवायला वेळ नव्हता. नवरा ऑफिसातून आला तेव्हा घर कारखान्यासारखं घुमत होतं, त्याची आई खुर्चीतच झोपली होती, सरकार झोपलं होतं, आणि मी मुठी, नळ, फरशी, उन्हाची तिरीप, सगळं उरकलं होतं.

"झकास!" तो कुजबुजला. मग पडद्याजवळ गेला. "हे लोणच्याचं दुकान आहे का?"

"काढते मी बरण्या."

पण बरण्या काढल्या की कार्ड निवणार, कार्ड निवलं की सरकार उठणार, आणि संध्याकाळ दारात उभी. मी पाळण्याकडे बघितलं. मग आहे तस्संच चित्र पाठवून दिलं. पाठवल्यावर लगेच वाटलं, गेलं काम. पाळणाघराच्या खिडकीची ढिली कडी डोळ्यांसमोर आली.

मालकीणबाईंचा फोन सोमवारी आला. मी सरकारला भरवत होते. नवऱ्याने स्पीकर लावला, सासूबाईंनी गॅस बंद केला.

"दुसरं चित्र फार नेटकं होतं," बाई म्हणाल्या. माझा चमचा हवेतच राहिला. "पण तिथे कुणी राहत असेल असं वाटेना. तुमच्यात त्या बरण्यांवर ऊन पडलंय ना, ते बघून आमच्या सुतारालासुद्धा ते घर हवंसं वाटलं. काम तुम्हीच करा. फक्त एक विचारू का?"

"विचारा ना."

"एवढ्या बरण्या कशाला? आणि तो रिकामा हंडा?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी तोंडाला पदर लावला.

"घरात लहान मूल आहे हो," मी म्हणाले.

"असं होय," बाई म्हणाल्या. त्यांना काय कळलं देव जाणे, पण पटलेलं दिसलं. "बरं, आता पुढचं काम बेडरूमचं. सगळी लाकडी कपाटं. साधं, सुटसुटीत, बरण्या नकोत. जमेल?"

साधं, सुटसुटीत, लाकडी. म्हणजे कार्ड गार आणि सरकार जागं. तेवढ्यात सासूबाई पुढे वाकल्या, भांडी घासलेल्या ओल्या हाताने फोन धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "कपाटांना आरसे लावले तर चालतील का? सगळ्या दारांना?"