जीप बागेतून बाहेर पडेना

महाडच्या नदीकाठच्या बागेत गोल रस्ता आहे आणि सकाळी निम्मं गाव त्यावर चालतं. एका सोमवारी दोन्ही फाटकांच्या साखळ्या निघाल्या. बाजारातल्या गटाराचं काम संपेपर्यंत रिक्षा, दुचाक्या आणि छोट्या गाड्या आता बागेतून जाणार होत्या. एकेरी वाहतूक!

चंद्राबाई डोंगरातल्या कुडपण गावच्या. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून महाडात लेकाकडे राहायच्या आणि काठी टेकत बागेत चालायच्या. पहिल्याच दिवशी मागून मोटारसायकल अशी किंचाळली, की काठी एकीकडे आणि चंद्राबाई दुसरीकडे.

“बाई, डोंगरात गव्याला वाट दिली मी. पन या हॉर्नला घाबरले,” त्या निवृत्त शिक्षिका ललिताबाईंना म्हणाल्या.

ललिताबाईंनी त्याच दिवशी बागेतल्या गाड्या बंद करण्यासाठी अर्ज लिहिला आणि घरोघर फिरून दीडशे सह्या जमवल्या. गुरुवारी सकाळी वाहतूक पोलिसांचे बांदलसाहेब स्वतः जीप घेऊन आले.

“मुलं खेळतात इथे, म्हातारी माणसं चालतात,” ललिताबाई म्हणाल्या.

“बाई, पाटी लागली की ती सगळ्यांनी पाळायची. मीसुद्धा!” असं म्हणून साहेब जीपमध्ये बसले. चालक हैबतीनं जीप आत घातली.

दुसऱ्या फाटकाशी जीप थांबली. आतल्या बाजूला लाल पाटी होती: ‘प्रवेश बंद’.

“पलीकडून काढ,” साहेब म्हणाले.

पलीकडेही तीच पाटी! रंगाऱ्यानं दोन्ही फाटकांचे बाण आतच वळवले होते. रिक्षावाले पाट्या वाचतच नसल्यानं तीन दिवसांत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आत यायला दोन वाटा, बाहेर जायला एकही नाही.

“साहेब, काय करू?” हैबतीनं विचारलं.

साहेबांनी बाहेर पाहिलं. दीडशे सह्यांपैकी निदान साठ सह्या तिथं उभ्या होत्या. “फिरव,” ते म्हणाले.

जीप फिरली. पुन्हा फिरली. लोक टाळ्या वाजवत ओरडू लागले, “तीन! चार!” हसण्याचा योग करणारी मंडळी पहिल्यांदाच खरोखर हसली. फक्त ललिताबाई वर्गात उभ्या असल्यासारख्या गंभीर होत्या.

पाचव्या फेरीला चंद्राबाईंनी काठी आडवी धरली. “उतरा साहेब. चालनाऱ्याला पाटी नाय.”

साहेब उतरले. चंद्राबाईंनी हक्कानं त्यांचा दंड धरला आणि दोघं निघाली. दहा पावलं गेली असतील-नसतील, मागून रिक्षा पॉं-पॉं करत आली. साहेबांनी चंद्राबाईंना ओढत बाजूच्या हिरवळीवर उडी मारली. तिथं पाण्याचे फवारे चालू होते.

नखशिखांत भिजलेल्या साहेबांनी टोपी काढून पिळली. मग चंद्राबाईंकडे बघून त्यांनाही हसू फुटलं.

“आजी, लागलं नाही ना?”

“नाय रे बाबा. आंघोळ झाली!”

पदरानं तोंड पुसत त्या इतक्या हसल्या की त्यांना बाकावर बसवावं लागलं.

“बाई, आज दुपारपासून गाड्या मैदानामागच्या रस्त्यानं वळवतो,” साहेब ललिताबाईंना म्हणाले. हैबतीनं जीप उलटी चालवत बाहेर काढली. उलटं जाण्याबद्दल पाटीवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

शब्द दिल्याप्रमाणे दोन वाजता साखळ्या आल्या. एक लावायचा मान ललिताबाईंना मिळाला. त्यांनी कडी हातात घेतली आणि सकाळपासून दाबलेलं हसू एकदम बाहेर पडलं. त्या फाटकाला टेकून हसत राहिल्या. शेवटी कडी हैबतीनंच अडकवली.