पुढच्या दारांचे स्पीकर

गाडीबरोबर कंपनीतून जे स्पीकर येतात ती शुद्ध फसवणूक असते, असं मी गेला महिनाभर भेटेल त्याला ऐकवत होतो. कारणही तसंच होतं. माझी मुलगी मनाली, तिची शहरातल्या एका छोट्या एफएम केंद्रावर निवेदक म्हणून निवड झाली होती. आधीच रेकॉर्ड केलेला तिचा पहिला कार्यक्रम रविवारी सकाळी साडेदहाला लागणार होता. हल्ली घरात रेडिओ असतो कोणाकडे? आमचा गाडीतच. आणि त्यावर कोणीही बोललं की तोंडात घास घेऊन बोलतंय असं वाटायचं. पोरीचा पहिला आवाज असल्या डबड्यांतून ऐकायचा, हे मला सहन होईना.

द्वारका चौकाजवळच्या नियाजभाईच्या दुकानातून पुढच्या दारांसाठी नवी जोडी आणली. तो बसवूनही देत होता. मी म्हटलं, बावीस वर्षं अंबडच्या कारखान्यात पत्रे ठोकणारी पॉवर प्रेस चालवतोय, चार स्क्रू मला जड जाणार आहेत का? तो हसला. फक्त प्लस-मायनस उलटं लावू नका, एवढं बजावून त्याने वायर दिली.

रविवारच्या आठ दिवस आधी, सुट्टीला, मी पार्किंगमध्ये पथारी पसरली. दाराचं पॅड काढताना तीन क्लिपा मोडल्या. बायको, सिंधू, स्टीलच्या वाटीत स्क्रू धरून उभी होती. पहिल्या दाराला मी प्लस-मायनस उलटंच लावलं, मग मोबाइलवर व्हिडिओ बघून सगळं पुन्हा उचकटलं. अडीच तासांनी रेडिओ लावला तर ढोलाचा दणका छातीत बसला. निवेदकाच्या तोंडातला घास मात्र तसाच होता.

नव्या स्पीकरच्या मधोमध एक छोटी वाटी असते, ट्विटर म्हणतात तिला. बारीक, टोकदार आवाज तिच्यातून येतो. मी तिला कान लावला. काही नाही. दुसऱ्या दाराची वाटीही मुकी. माझं डोकं फिरलं. दारांची पॅडं न लावताच गाडी काढली आणि नियाजभाईला त्याच्याच दुकानासमोर फैलावर घेतलं.

त्याने शांतपणे मोबाइल जोडला, एक तपासणीचा आवाज लावला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बघा, आहे का काही? तेवढ्यात सीट कव्हरसाठी थांबलेल्या एका बाईने दोन्ही कानांवर हात घेतले. दुकानातल्या कारागिरानेही तोंड वाकडं केलं.

नियाजभाईने आवाज बंद केला आणि मला काम कोणत्या खात्यात असतं ते विचारलं. प्रेस शॉपला, मी सांगितलं. मग तो माझ्या अगदी समोर येऊन उभा राहिला.

"दादा, स्पीकर चांगले आहेत. कान तपासून घ्या."

कंपनीत दरवर्षी तपासतात आणि दरवर्षी मी पास होतो, हे मी त्याला तोऱ्यात सुनावलं. मुंबई नाक्याच्या सिग्नलला थांबलो तेव्हा आठवलं, मी पास कसा होतो ते. काचेच्या खोलीत बसवतात, कानाला हेडफोन, हातात बटण. शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. काचेपलीकडे तपासणारा माणूस बसलेला असतो. पहिल्याच वर्षी खंडेराव नावाच्या जुन्या ऑपरेटरने मला शिकवलं होतं, शिट्टीच्या नादी लागू नको, त्याचं उजवं कोपर बघ. तो शिट्टी वाजवतो तेव्हा कोपर वर होतं. नापास झालेल्याला प्रेसवरून काढून पॅकिंगला बसवतात, म्हणून आमचं अख्खं खातं कोपर बघूनच पास होतं. प्रेसच्या दणक्यापासून वाचायला कंपनीने दिलेले कानातले बोळे आम्ही गळ्यात बांधून फिरायचो. बावीस वर्षांत मी एकदाही चुकलो नाही.

घरी सिंधूला विचारलं. तिला काहीही बोलायचं असलं की ती हातातलं काम टाकून माझ्यासमोर येते. लग्नाला चोवीस वर्षं होऊनही बायको डोळ्यांत बघून बोलते, असं मी मित्रांत मिरवायचो. तिने पदराला हात पुसले.

"पाच वर्षं झाली असतील. तुम्ही चिडता, म्हणून बोलले नाही."

बुधवारी डॉक्टरांकडे गेलो. गेलेलं परत येत नाही, असं ते म्हणाले. यंत्राने आवाज मोठा होईल, शब्द कळतीलच याची खात्री नाही. मनालीला सांगायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं.

रविवारी साडेदहाला आम्ही तिघं पार्किंगमध्ये, गाडीत बसलो. सिंधू शेजारी, मनाली मागे. कार्यक्रम सुरू झाला. माझ्या पोरीचा आवाज दारातून आला. तो नुसता घुमत होता, त्यात शब्द नव्हते. मी सिंधूच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. ती हसली की मी हसलो. तिचे डोळे भरून आले तेव्हा मी चष्मा काढून पुसला. माझे डोळे खरंच भरले होते. साडेदहा ते अकरा, मी एकदाही चुकलो नाही.

आरशात मनालीचे ओठ हलले. कसं वाटलं पप्पा, असं असावं.

"एकेक शब्द स्पष्ट," मी म्हटलं.

मग तिने मान खाली घातली आणि आणखी काहीतरी बोलली. बराच वेळ बोलत होती. तिचे ओठ मला दिसत नव्हते. मी सिंधूकडे वळलो. ती तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत होती.