पंचवीस किलोंचा काटा

मित्रांनो, मला कुठेतरी टांगल्याशिवाय मी काही कामाचा नाही. टेबलावर ठेवलेत तर मी नुसता एक गोल पत्र्याचा डबा दिसतो. वर कडी, खाली हूक, पोटात स्प्रिंग आणि पांढऱ्या तबकडीवर एक काळी सुई, असा मी एक जुना वजनकाटा आहे. माझ्या तबकडीवर शून्यापासून पंचवीस किलोंपर्यंतचे आकडे आहेत. त्यापुढचे जग मला कळत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यामुळेच माझी पंचाईत झाली.

कारखान्यात माझी सुई नीट बसवली आणि खोक्यात घालून मला धाडून दिले. शिरपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी एक गाव आहे. तिथल्या अंगणवाडीत मी पोहोचलो. सेविका सुगंधाबाई यांनी मला छताच्या कडीला टांगले, माझ्या हुकात कापडाची झोळी अडकवली आणि तिच्यात पहिले बाळ ठेवले ते स्वतःचेच. तीन महिन्यांची मेघा. चार किलो आठशे ग्रॅम. तिने रडून सगळी अंगणवाडी डोक्यावर घेतली होती, आणि माझी सुई काही केल्या एका जागी थांबेना.

दर महिन्याला वजनाचा दिवस असे. त्या दिवशी आया मला घाबरत. बाळाच्या वजनाचा ठिपका वाढीच्या तक्त्याच्या हिरव्या पट्ट्यात पडला तर ठीक, पण पिवळ्यात घसरला की घरी सासू बोलणार, गल्लीत चर्चा होणार. म्हणून त्या युक्त्या करत. बाळाच्या पायात चांदीचे वाळे तसेच ठेवत. एकावर एक दोन झबली घालत. येण्याआधी पोराला वाटीभर पाणी पाजून आणत. सुगंधाबाईंना हे सगळे पाठ होते. त्या काही रागावत नसत. एकेक वाळा, एकेक झबले हळूच उतरवत आणि म्हणत, "आंगवर कपडा ठेवाना नही, माय. काट्याले खोटं सांगीसन पोरनं पोट भरत नही."

ठिपका पिवळ्यात पडला की त्या संध्याकाळी त्या घरी जात. पोराने काय खाल्ले हे आईला विचारत नसत. सरळ भाकरीच्या टोपल्यावरचे फडके उचलून बघत. बोलण्यात प्रत्येक घरी पोटभरच असते, हे त्यांना इतक्या वर्षांत कळले होते.

माझे दिवस तेव्हा मानाचे होते. तपासणीला येणाऱ्या बाई म्हणत, या काट्याच्या आकड्याबद्दल शंका नको. मला ते ऐकून बरे वाटे, खोटे कशाला बोलू. मग बटणाचे, लाल आकड्यांचे नवे काटे आले. माझे नाव निकामी सामानाच्या यादीत गेले. भंगारात द्यायला सुगंधाबाईंचे मन होईना, म्हणून रीतसर विचारून त्यांनी मला घरी आणले आणि दाराआडच्या खिळ्याला अडकवले. कधी भुईमुगाच्या शेंगा, कधी कांदे, एवढेच माझ्या वाट्याला येऊ लागले. बाकी वेळ मी आणि कोळ्याची जाळी.

तोवर मेघा मोठी झाली. धुळ्याला नर्सिंग शिकली, तिथल्याच एका दवाखान्यात चार वर्षे राबली. तीन वर्षांपूर्वी तिला इंग्लंडमधल्या एका लहान शहरातल्या वृद्धाश्रमात नोकरी मिळाली. ती संस्थाच तिची स्पॉन्सर होती. म्हणजे तिचा व्हिसा त्या नोकरीच्या आधाराने उभा. नोकरी सुटली की थोड्या दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर बॅग भरायची.

मेघाचे वडील ज्ञानेश्वरभाऊ कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. त्यांनी मोबाइल काढला आणि पगाराच्या पौंडांना शंभराने गुणले. आकडा बघून ते पलंगावर बसले. त्याच आठवड्यात घरावर स्लॅब टाकायचे ठरले. हिशोब खोटा नव्हता, मित्रांनो. तो फक्त अर्धा होता.

जाण्याच्या आदल्या दिवशी मला खिळ्यावरून काढले. विमानात तेवीस किलोंच्या वर सामान चालत नव्हते, आणि मी पंचवीसपर्यंत जाणतो. घरात माझ्याएवढा लायक कोणी नव्हता. सुगंधाबाई बॅगेत भाकरीसाठी ज्वारी-उडदाचे कळण्याचे पीठ भरत, मेघा काढे. ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या आत जात, स्वेटर बाहेर येई. ज्ञानेश्वरभाऊ मला दोन्ही हातांनी धरून उभे होते. बावीस किलो नऊशे ग्रॅमवर सुई थांबली तेव्हा सगळ्यांनी श्वास सोडला. मग सुगंधाबाई म्हणाल्या, "येतांना लागी, काटा लई जा," आणि मला बॅगेत घालून चेन लावली.

माझे स्वतःचे वजन कुणी धरलेच नाही. विमानतळावर बॅग जवळजवळ चोवीस किलो भरली. तिथे जमिनीवर बॅग उघडून मेघाने कळण्याच्या पिठाची पिशवी काढून वडिलांच्या हातात दिली. ती रडत होती. मी बॅगेत कपड्यांच्या मध्ये पडून होतो आणि मला फार अपराधी वाटत होते.

तिकडे एका घरात दोन खोल्या. एक मेघाची, एक धुळ्याच्या हुमाची. दोघी एकाच वृद्धाश्रमात. स्वयंपाकघराच्या दाराला हूक होता, तिथे मला टांगले. दोघी मिळून तांदळाचे दहा किलोंचे पोते आणत आणि माझ्यावर निम्मे निम्मे करत. बाहेरून आल्यावर मेघा बाजाराची पिशवी माझ्याच हुकाला अडकवी आणि मग बूट काढी. त्यामुळे तिने काय आणले हे तिच्याआधी मला कळे.

पहिल्या महिन्यात पिशवी सात किलोंची असायची. मग खोलीचे भाडे, गॅस, वीज, बसचा पास यांची ओळख झाली. पगार हातात येताना कर कापून येतो हेही कळले. आणि मेघाला वडिलांचीच खोड लागली. प्रत्येक किमतीला ती शंभराने गुणू लागली.

"फ्लॉवर दीडशे रुपयांना?" ती हुमाला सांगायची. "शिरपूरच्या बाजारात वीसला मिळतो. मी परत ठेवून आले."

हुमा म्हणायची, "अगं, पगार इथला घेतेस ना? मग भाजीही इथल्याच पैशात मोज. रुपयात मोजलीस तर उपाशी मरशील." हुमा स्वतः काटकसरीचीच होती. संध्याकाळी दुकानात उरलेल्या भाज्यांवर किंमत उतरवून चिकटवलेली असते, ती वेळ साधून ती जाई, रविवारी मोठे पातेले भरून डाळ शिजवून ठेवी. पण तिने जेवण सोडले नव्हते. ऐकेल ती मेघा कसली. तिकडे स्लॅबची सळई चढली होती, फोटो येत होते, आणि ते बघून तिला आणखी पाठवावेसे वाटे.

पिशवी चार किलोंवर आली. मग अडीचवर. त्यात पाव, बिस्किटे, दुधाची लहान बाटली. अंडी नाहीत, भाजी नाही. खोलीतला हीटर बंद. मला पिवळा पट्टा ओळखता येतो, मित्रांनो, जन्मभर तेच केले आहे. तिच्या मनगटावरचे घड्याळ कोपराकडे सरकू लागलेले मी पाहत होतो. पण ती काही माझ्या झोळीत मावणारी नव्हती. पंचवीस किलोंच्या पुढे मी आंधळा. ज्या पोरीचे पहिले वजन मी केले, तिचे वजन आता मला सांगता येत नव्हते.

दर सोमवारी ती वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांचे वजन करून वहीत लिहायची. एका आजींचे दोन किलो घटले म्हणून तिने डॉक्टरांना दोनदा फोन केला. तिचे स्वतःचे वजन करायला मात्र कुणी नव्हते. जानेवारीत एक दिवस कामावर तिला चक्कर आली. वरिष्ठ बाईंनी विचारले, "तब्येत झेपेल ना हे काम?" त्या प्रश्नाने ती हादरली. काम गेले तर व्हिसा गेला. तरी घरी तिने अवाक्षर काढले नाही.

त्या रविवारी दुपारी आईचा व्हिडिओ कॉल आला. मेघाने आधी एक स्वेटर घातला, आरशात पाहिले, मग त्यावर दुसरा घातला. केस मोकळे सोडून गालांवर ओढले. मी दारावरून पाहत होतो. मला दोन झबल्यांची बाळे आठवली.

"जेवनी का माय?" सुगंधाबाईंनी विचारले.

"हा आई. पोटभर."

सुगंधाबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. मग शांतपणे म्हणाल्या, "वरना स्वेटर काढ."

"आठे थंडी शे, आई."

"तू घरमा शे ना? मंग हीटर काबर नही लावस?"

एक स्वेटर उतरला.

"दुसरा बी काढ, माय. आंगवर कपडा ठेवाना नही. अंगणवाडीमा हाई मी बठ्ठास्ले सांगस."

दुसरा स्वेटर निघाला. गळ्याखालची हाडे दिसली. सुगंधाबाईंनी तोंडाला पदर लावला. पस्तीस वर्षे दुसऱ्यांच्या लेकरांचे ठिपके भरणारी ती बाई, आणि तिचे स्वतःचे लेकरू पिवळ्याच्याही खाली गेलेले तिला कळले नव्हते. मागून ज्ञानेश्वरभाऊंचा आवाज आला. "मी पगारले शंभरवरी गुणं," ते म्हणाले, "भाडाले गुणंच नही." मग मेघा मोठ्याने रडली. मी तिचे पहिले रडणे ऐकले होते, तसेच होते ते.

स्लॅब झाला होता, पुढे बांधायची खोली थांबवायची ठरली. आणि सुगंधाबाईंनी आपल्या धंद्याप्रमाणे औषध काढले. "दर रविवारे बाजारनी पिशवी काट्याले टांग आनि माले सुई दखाड."

तेव्हापासून मी पुन्हा कामावर रुजू झालो. मेघा पिशवी टांगते, मोबाइल माझ्या तोंडासमोर धरते, आणि हजारो मैलांवर सुगंधाबाई एका जुन्या तक्त्यावर पेन्सिलीने ठिपका देतात. पाच किलोंच्या वर हिरवा. एकदा मेघाने वजन भरायला हुमाचे तांदूळ पिशवीत घातले होते. सुगंधाबाई म्हणाल्या, "पिशवी उघाड." त्या दिवशी हुमा इतकी हसली की तिला खुर्चीवर बसावे लागले. हळूहळू पिशवीत अंडी आली, पालक आला, एकदा तर फ्लॉवरही आला. तो आणताना तिने कशाने गुणले नसावे. हीटर संध्याकाळी दोन तास चालू लागला. घरी पैसे अजूनही जातात, पण तिचे जेवण झाल्यावर जे उरते तेवढेच.

आता शेवटचे सांगतो. गेल्या महिन्यात एका रविवारी सुई सहा किलो दोनशेवर होती. सुगंधाबाई खूश होऊन फोन ठेवायच्या बेतात होत्या. मेघा म्हणाली, "थांब आई. तुन्हा टोपला दखाड."

"कसाना टोपला?"

"भाकरीसना. फडकं उचल."

सुगंधाबाई काहीबाही बोलू लागल्या. गॅस संपला आहे, आज उपवास आहे, वडील बाहेर जेवले. शेवटी फडके उचलले गेले. टोपल्यात एकच भाकरी होती, तीही अर्धी मोडलेली. पोरीने पोट मारून पाठवलेले पैसे मोडायचे कसे, म्हणून ते कळल्यापासून ती बाई ज्ञानेश्वरभाऊंच्या तेवढ्या पगारात घर भागवत स्वतःच्याच ताटातून काढत होती. स्लॅबनंतर आलेले सगळे तिने बँकेत मेघाच्याच नावाने टाकले होते. आधी लेक, मग आई, दोघीही एकमेकींसाठी उपाशी राहिल्या होत्या आणि दोघीही "पोटभर" म्हणाल्या होत्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या काट्याला फार काही लागत नाही. वर्षातून एकदा तेलाचा थेंब द्या, ओल्या भिंतीला टांगू नका, एवढे पुरे. पण दूर गेलेले तुमचे कुणी "पोटभर" म्हणाले, तर त्या शब्दावर विश्वास ठेवण्याआधी अंगावरचा स्वेटर बघा. आणि जी माणसे सगळ्यांचे वजन करत फिरतात, त्यांचेही कुणीतरी धरा. माझे कुणी धरले नव्हते, तर लेकीचे पीठ विमानतळावरून परत गेले.

आता रविवारी आधी इकडची पिशवी दाखवायची आणि मग तिकडचा टोपला, असा नियम झाला आहे. काल फडके उचलले तेव्हा आत पाच भाकरी होत्या. मला वजनाशिवाय काही येत नाही, पण या मी मोजल्या.