पन्नास ग्रॅमचे खोटे

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे, आणि मला तुमच्यापाशी एक कबुली द्यायची आहे. माझ्या हातून एका लहान मुलीवर अन्याय झाला.

माझा जन्म एका कारखान्यातला. वर पत्र्याचे ताट, समोर पांढरी तबकडी, तिच्यावर लाल काटा आणि पोटात एक स्प्रिंग. पुढे मी बारा वर्षे एका दुकानात राबलो. डाळ, साखर, खिळे, साबण, सगळे तोलले. माझ्यावरून कधी तंटा झाला नाही. मग दुकानदाराने विजेवर चालणारा काटा आणला आणि मला जवळच्या शाळेला देऊन टाकले. तेव्हापासून चौथीच्या वर्गातले कपाट हेच माझे घर.

इथे माझे फार कौतुक झाले. मुले माझ्यावर डबे, बूट, खोडरबर ठेवत; एकदा तर बाईंचा चष्माही ठेवला. मैदानावरची वाळू ओंजळीने आणून ताटात ओतत. काटा हलला की टाळ्या. त्या टाळ्यांनी मी फुगून जाई. पण वाळूचे कण फटीतून आत जात होते. रिकामा असताना माझा काटा शून्यावर असे. भार आला की मात्र वाळू आड येई आणि तो खऱ्या वजनाच्या अलीकडेच अडकून राही. मला हे कळत होते. कुरकुर केली असती, तर कोणीतरी उघडून पाहिले असते. पण दुरुस्तीला गेलो आणि परत आणलेच नाही तर, या भीतीने मी गप्प राहिलो.

परीक्षा संपली आणि वर्षाचे शेवटचे आठ दिवस उरले. बाईंनी पुस्तके मिटली. एक दिवस मुलांनी दोरीने मैदान मोजले. एक दिवस रद्दी कागदांचे पूल बांधून त्यांवर पुस्तके रचली. तिसऱ्या दिवशीचा उपक्रम होता, ‘आधी अंदाज, मग वजन’.

वर्गात एका भाजीवाल्याची मुलगी होती. चणीने एवढीशी, म्हणून सगळे तिला ‘मापटं’ म्हणत. वाचताना ती अडखळे, पाढ्यांत चुके. पण शाळा सुटल्यावर वडिलांच्या हातगाडीपाशी उभी राहून तिचा हात तयार झाला होता. बाईंनी हा खेळ बहुधा तिच्यासाठीच ठेवला होता.

तिने बटाट्यांची पिशवी उचलली, डोळे मिटले आणि म्हणाली, “अर्धा किलो. बरोब्बर.”

पिशवी माझ्यावर आली. मी साडेचारशे दाखवले.

“परत ठेवा ना, बाई,” ती म्हणाली.

परत साडेचारशे.

“काटा चुकतोय, बाई.”

“अगं, काटा कसा चुकेल?” बाई हसून म्हणाल्या. “चुकलं तर चुकलं म्हणावं.”

एवढ्यात पहिल्या बाकावरची एक चुरचुरीत मुलगी म्हणाली, “हिचे बाबा असाच अर्धा किलो देत असतील. मापात पाप.”

सगळा वर्ग हसला. बाईंनी “पुरे आता” म्हटले आणि पुढच्या मुलाला बोलावले. मापटं जागेवर जाऊन बसली. दिवसभर तिने मान वर केली नाही. मी टेबलावरून तिच्याकडे पाहत होतो. खरे सांगू, त्या क्षणी भंगारात गेलो असतो तर बरे, असे वाटले.

दुसऱ्या दिवशी शाळा भरताच तिचे वडील दाराशी आले. हातात लोखंडी वजन होते.

“बाई, मी भांडायला नाही आलो,” ते म्हणाले. “पण काल घरी आल्यापासून पोर जेवली नाही. मला विचारते, बाबा, आपण लोकांना कमी देतो का? हे अर्ध्या किलोचं वजन आहे, तपासून शिक्का मारलेलं. तुमच्या काट्यावर एकदा ठेवून बघा.”

बाईंनी ते ठेवले. मी साडेचारशे दाखवले.

बाईंनी मला उलटे करून थोपटले, तेव्हा टेबलावर वाळूचा छोटा ढीग पडला. बाई मग मुलीकडे वळून म्हणाल्या, “चूक माझी आहे. तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही. आणि तुझ्या बाबांबद्दल कोणी बोललं, तेव्हाच मी थांबवायला हवं होतं.”

पहिल्या बाकावरची मुलगी रडवेली होऊन उभी राहिली. “काका, मी उगाच बोलले,” ती म्हणाली.

“असू दे, बाळा,” वडील म्हणाले. “गाडी उघडीच टाकून आलोय, निघतो मी.”

माझी साफसफाई झाली. बाईंनी मापटंच्या हातात एक भोपळा दिला. “आता सांग बरं.” तिने तो उचलला, क्षणभर तोलला आणि खाली ठेवला.

“काट्यावरच ठेवा, बाई.”

माझा काटा त्या दिवशी एका ग्रॅमनेही चुकला नाही; पण कोणी टाळी वाजवली नाही, आणि मलाही ती नको होती.

शेवटच्या दिवशी मुलांनी ‘या वर्षी मी काय शिकले’ हे चिठ्ठीवर लिहून फळ्यावर लावले. कोणी भागाकार लिहिला, कोणी पोहणे. मापटंने लिहिले होते, ‘माझ्या बाबांचं वजन बरोबर आहे.’

मित्रांनो, आम्हा वस्तूंना वेळच्या वेळी झाडा, पुसा, तपासा. आमच्यात बिघाड झाला, तर आम्हाला तोंडाने सांगता येत नाही, फार तर कुरकुरता येते. माझ्यासारखे काही तर तेवढे करायलाही भितात. आणि कुणाला खोटे ठरवण्याआधी आपल्या हातातले माप खरे आहे ना, एवढे पाहा. माझ्या पोटातली वाळू काढायला पाच मिनिटे लागली. ती मुलगी आता पाचवीत, वरच्या मजल्यावर बसते. ती पुन्हा डोळे मिटून वजन सांगते की नाही, मला माहीत नाही.